तीन वर्षांचा न घेतलेला पगार

जगदीशचंद्र बोस म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना लाजाळूचे झाड आठवते. वनस्पतींनाही संवेदना असतात हे दाखवून देणारे शास्त्रज्ञ, एवढ्या एका ओळीत त्यांची ओळख संपायची आणि परीक्षेत ती ओळ एका गुणाला यायची. पण बोस मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे : पगार किती, आणि एवढाच का?

आपल्या बॅचमध्ये माझ्यासारखे संगणकाच्या धंद्यात शिरलेले बरेच जण आहेत. आमच्याकडे दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये पगाराशिवाय दुसरा विषय नसतो. शिक्षकी पेशात गेलेलेही तितकेच आहेत, पण ते पगाराबद्दल बोलायला संकोचतात. विद्यादानाच्या कामात पैशाचा विषय काढू नये, असे आपल्या अंगवळणी पडले आहे. बोसांनी तो विषय काढला होता, आणि तोही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून त्यांच्या आयुष्याची ही बाजू या स्मरणिकेत सांगावीशी वाटली.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. एवढ्या हुद्द्यावरच्या माणसाने मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे, असा तेव्हाचा रिवाज होता. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला साध्या बंगाली पाठशाळेत पाठवले. तिथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. निसर्गाच्या अभ्यासाची ओढ तिथूनच लागली, असे ते पुढे आवर्जून सांगत. आपणही मातृभाषेतून शिकलेली माणसे आहोत, आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये त्यांना फादर लाफों हे विज्ञानाचे शिक्षक भेटले. लाफों वर्गात प्रयोग करून दाखवत. एका चांगल्या शिक्षकामुळे विषयाची गोडी लागते आणि ती आयुष्यभर टिकते, तसे इथे झाले.

घरची परिस्थिती मात्र याच काळात खालावत गेली. भगवानचंद्रांना लोकांसाठी काहीतरी उभे करण्याचा ध्यास होता. चहाचे मळे, कापडाची कंपनी, बँक अशा देशी उद्योगांत त्यांनी पैसा घातला आणि तो बुडाला. डोक्यावर मोठे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी आयसीएस होऊन भरपूर पगाराची सरकारी नोकरी धरावी, असा जगदीशचंद्रांचा विचार होता. स्वतः सरकारी अधिकारी असलेल्या वडिलांनीच त्याला नकार दिला. मुलाने दुसऱ्यांवर हुकूम चालवण्यापेक्षा विद्वान व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. कर्जात बुडालेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

मग वैद्यकीय शिक्षणासाठी १८८० मध्ये लंडन गाठायचे ठरले. आईने त्यासाठी अंगावरचे दागिने मोडायची तयारी दाखवली. लंडनमध्ये जुना ताप पुन्हा उलटला, शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना, आणि वैद्यकीचा नाद सोडावा लागला. ते केंब्रिजला गेले आणि तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १८८४ मध्ये केंब्रिज आणि लंडन अशा दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या हाती होत्या.

आता पगाराची गोष्ट. परतताना त्यांच्याजवळ ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल हेन्री फॉसेट यांचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या नावे पत्र होते. त्या शब्दावर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळायला हवी होती. बंगालचे शिक्षण संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट आणि कॉलेजचे प्राचार्य टॉनी या दोघांनाही ते पसंत नव्हते. हिंदी माणूस तत्त्वज्ञान किंवा भाषा शिकवू शकेल, पण मोजमापाचे काटेकोर विज्ञान त्याला झेपणार नाही, असा त्या वर्तुळातला सर्वसाधारण समज होता. वरून दबाव आल्यावर १८८५ मध्ये बोसांना घ्यावे लागले, पण नेमणूक हंगामी ठेवली गेली.

या हंगामी शब्दातच सगळा डाव होता. त्याच पदावरच्या युरोपीय प्राध्यापकाला जेवढा पगार, त्याच्या दोन तृतीयांश पगार हिंदी प्राध्यापकाला द्यायचा, असा रिवाज होता. त्यात नेमणूक हंगामी असेल तर त्याचेही निम्मे. दोन तृतीयांशाचे निम्मे म्हणजे एक तृतीयांश. वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच, पदवी केंब्रिजची. आणि शेजारच्या खोलीत शिकवणाऱ्या माणसाला आपल्या तिप्पट पगार.

बोसांनी नोकरी सोडली नाही, संप केला नाही, की वर्गात कुचराई केली नाही. ते रोज कॉलेजात जात, तास घेत, प्रयोग करून दाखवत. त्यांच्या वर्गात हजेरी घेण्याची गरज उरली नव्हती, असे सांगतात. महिनाअखेरीला पगार आला की मात्र ते तो घेत नसत. घेतला तर अर्धवट पगार मान्य आहे असा अर्थ होईल, म्हणून त्यातला एक रुपयाही घ्यायचा नाही. असे एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षे चालले.

हे वाचताना आपल्याला आधी अभिमान वाटतो. पण मग मनात दुसरा प्रश्न येतो : तीन वर्षे घर कसे चालले? वडिलांचे कर्ज होतेच. त्यातच १८८७ मध्ये, म्हणजे पगार न घेण्याच्या ऐन काळात, जगदीशचंद्रांचे लग्न झाले. पत्नी अबलादेवी या ब्राह्मो सुधारक दुर्गामोहन दास यांच्या कन्या. बंगालमध्ये मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारे बंद होती, म्हणून त्या मद्रासला जाऊन वैद्यकी शिकल्या होत्या. तब्येतीमुळे ते शिक्षण अपुरे राहिले. कलकत्त्यात भाडे परवडत नसल्याने हे जोडपे हुगळीच्या पलीकडे चंदननगरला राहू लागले. कॉलेजला जायचे तर नदी ओलांडून नैहाटी स्टेशन गाठायचे आणि तिथून आगगाडी पकडायची. होडीवाल्याचे पैसे वाचावेत म्हणून जगदीशचंद्र स्वतः वल्हवत अलीकडे येत, आणि रिकामी होडी परत न्यायला अबलादेवी सोबत असत. संध्याकाळी त्याच पुन्हा होडी घेऊन येत.

बोसांच्या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग हाच आहे. पगार नाकारण्याचे श्रेय एका नावावर जमा झाले, पण त्याची किंमत दोघांनी मोजली. स्वाभिमानाने ताठ उभे राहणाऱ्या माणसाच्या मागे बहुतेक वेळा कोणीतरी होडी वल्हवत असते, आणि त्या व्यक्तीचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही. आपल्या सरांच्या आणि बाईंच्या घरीही अशी माणसे होती. वर्षानुवर्षे अनुदानाची वाट पाहणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांची घरे कशी चालली, हे त्या घरांनाच ठाऊक.

तीन वर्षांनी क्रॉफ्ट आणि टॉनी या दोघांचेही मत पालटले. बोसांचे शिकवणे त्यांनी पाहिले होते. नेमणूक कायम झाली, तीही मागील तारखेपासून, आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हातात आला. विरोध करणारे हे दोघे पुढे त्यांचे हितचिंतक झाले, हेही सांगायला हवे. हाती आलेली ती रक्कम थेट वडिलांच्या कर्जात गेली. त्याआधी वडिलोपार्जित जमीन विकून, मग आईची मालमत्ता विकून कर्जाचा मोठा भाग फिटला होता. उरलेले कर्ज जगदीशचंद्रांनी पुढची काही वर्षे आपल्या कमाईतून फेडले. कर्जातून मोकळे झाल्यावर आईवडील फार वर्षे राहिले नाहीत. वडील १८९२ मध्ये गेले आणि त्यानंतर दोन वर्षांनी आई.

इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बोस जिंकले, पण नियम तसाच राहिला. १८८९ मध्ये प्रफुल्लचंद्र राय एडिनबरोची डॉक्टरेट घेऊन त्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले, तेव्हा त्यांना महिना २५० रुपयांवर हंगामी साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. १८९६ मध्ये शिक्षण खात्याची पुनर्रचना झाली, आणि इंग्लंडमध्ये भरती होणारी वरची श्रेणी व हिंदी लोकांसाठीची प्रांतिक श्रेणी ही फूट आणखी पक्की झाली. एका गुणी माणसाला अपवाद म्हणून न्याय देणे कोणत्याही व्यवस्थेला सोपे जाते. नियम बदलणे तिला जड जाते. आमच्या क्षेत्रातही मी हे पाहिले आहे. एखादी मुलगी हुज्जत घालून आपला पगार सोबतच्या मुलाइतका करून घेते. तिच्या मागून आलेल्या दुसऱ्या मुलीला मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पूर्ण पगार मिळाला तरी प्रयोगशाळा मिळाली नव्हती. आठवड्याला २६ तास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. न्हाणीघराला लागून असलेल्या एका लहानशा जागेत, एका देशी पत्रे-कारागिराला हाताशी धरून, स्वतःच्या पगारातून त्यांनी उपकरणे तयार केली. ३६ व्या वाढदिवशी, १८९४ मध्ये, त्यांनी संशोधनाला वाहून घ्यायचे ठरवले आणि लगेच कामाला लागले. अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी त्यांनी निर्माण केल्या. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरांसमोर त्यांनी या लहरी भिंतींतून पलीकडे पाठवल्या, दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट करून दाखवला. मोबाइलच्या नव्या पिढीत ज्या मिलिमीटर लहरींबद्दल आम्ही बोलतो, त्यांच्यावरचे हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे काम आहे. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली आणि १८९७ च्या जानेवारीत त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले.

१९०१ मध्ये ते पुन्हा लंडनला असताना एका मोठ्या तार कंपनीचा मालक पेटंटचा कागदच घेऊन त्यांच्याकडे आला. पैसा मी घालतो, नफ्यात तुमचा अर्धा वाटा, असा त्याचा प्रस्ताव होता. बोसांनी तो नाकारला आणि हा सगळा प्रकार रवींद्रनाथ टागोरांना पत्राने कळवला. ज्ञान विकायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे त्यांच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाचे एक अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावे निघाले, त्यात अर्धा हक्क सारा बुल यांचा होता. बोसांनी त्यातून कमाई केली नाही आणि ते तसेच संपू दिले.

पहिल्यांदा वाचताना मला हा विरोधाभास वाटला होता. पगाराचा एक तृतीयांश देऊ केला म्हणून तीन वर्षे उपाशी राहायची तयारी ठेवणारा माणूस पुढे दारात आलेली लक्ष्मी परत पाठवतो. नीट पाहिले तर दोन्ही वेळचा हिशेब एकच आहे. पगार ही त्यांच्या श्रमाची बरोबरीच्या माणसाच्या श्रमाशी केलेली तुलना होती. तिथे एक पैसाही कमी चालणार नव्हता. शोध मात्र त्यांच्या मते त्यांच्या मालकीचा नव्हता, त्याचे पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. पैशाचा मोह नसणे आणि आपल्या कामाचे मोल कमी होऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिक्षकी पेशात त्यांची नेहमी गल्लत केली जाते.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांच्या आसपास वेतन घेत आणि वीस वर्षे सेवा देत. १९१७ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी अर्थखात्यातली मोठ्या पगाराची नोकरी सोडली आणि त्याहून बऱ्याच कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापकपद घेतले. ही दोन्ही माणसे कमी पैशांत राजी होती, कारण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. फर्ग्युसनमध्ये सगळे आजीव सदस्य त्याच बोलीवर काम करत. बोसांना कमी पगार दिला गेला तो कमी लेखून. त्याग हा करणाऱ्याने करायचा असतो, करवून घेणाऱ्याने त्याचे गोडवे गायचे नसतात.

बोस १९१५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. पुढे १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, तर १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. पण त्यांच्या बचतीचे काय झाले, हे मला अधिक मोलाचे वाटते. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. त्यात त्यांची आयुष्यभराची कमाई होती आणि लोकांच्या देणग्या होत्या. देणगीदारांत मुंबईचे बोमनजी आणि मुळराज खटाव हेही होते. इथे लागणाऱ्या शोधांची पेटंटे घेतली जाणार नाहीत, ते सर्वांचे राहतील, असे त्यांनी उद्घाटनाच्या वेळीच जाहीर केले. न्हाणीघरालगतच्या जागेत ज्याने संशोधन केले, त्याने पुढच्यांसाठी नीट प्रयोगशाळा बांधून ठेवली. आणि होडी वल्हवणाऱ्या अबलादेवींनी १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती काढून गावोगावी मुलींच्या शाळा उघडल्या. विधवांना शिक्षिका होता यावे, त्यांना स्वतःचा पगार मिळवता यावा, यासाठीही त्यांनी संस्था उभारली. जगदीशचंद्र २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे वारले. अबलादेवी १९५१ पर्यंत काम करत राहिल्या.

आता आजचा हिशेब. आपल्या मुलांपैकी काही जण बारावीनंतर भौतिकशास्त्राकडे वळत आहेत, आणि बॅचच्या ग्रुपवर त्यांचे आईबाप हळूच विचारतात की यात पुढे पैसे किती. विचारायला हरकत नाही, लाजण्यासारखे त्यात काही नाही. पीएच.डी. करताना नेटची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढच्या टप्प्यावर ४२,०००. कायम साहाय्यक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, त्यावर भत्ते. प्राध्यापकपदाला ते १,४४,२०० पासून सुरू होते. चांगले जगता येते.

अडचण आहे ती कायम या शब्दात. कायम जागा न निघाल्याने आज महाराष्ट्रात नेट-सेट झालेली, पीएच.डी. असलेली कितीतरी मुले तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. शाळांमध्ये शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण हंगामी हा शब्द अजून कामावर आहे. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या दोघांच्या पगारात आजही काही पटींचा फरक असतो.

म्हणून मी त्या आईबापांना सांगते की मुलांना भौतिकशास्त्र जरूर शिकू द्या, आणि पगाराचा आकडा विचारतानाच जागा कायम आहे का, सुट्टीत पैसे मिळतात का, प्रयोगशाळा आहे का, हेही विचारायला शिकवा. पगार नाकारून तीन वर्षे काढा, असा सल्ला मी कोणाला देणार नाही. तेवढे बळ प्रत्येक घरात नसते. पण आपल्यातले जे कोणी संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, प्राचार्य आहेत, जागा मंजूर करणाऱ्या खुर्चीवर आहेत, त्यांच्या हातात क्रॉफ्ट आणि टॉनी यांच्याइतका अधिकार नक्कीच आहे. त्या दोघांनी तीन वर्षे शिकवणे पाहून मत बदलले आणि मागील तारखेपासून पूर्ण पगार दिला. आपल्या शाळेत तासिकेवर शिकवणाऱ्या नव्या सरांना आणि बाईंना या मेळाव्यात भेटाल तेव्हा त्यांना किती वर्षे झाली, एवढे जरूर विचारा.